रजिस्टर एडीवाले काका

टपालावर बाबांच्या एकलहऱ्याच्या मित्राइतका विश्वास असलेला माणूस खुद्द पोस्टातही सापडणार नाही, आणि त्या विश्वासाचा माझ्याइतका त्रास पृथ्वीवर दुसऱ्या कुणालाही झालेला नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण विचार करून करते आहे. बाबा आणि हे काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बरोबर होते; बाबा कंट्रोल रूममध्ये, हे कोळशाच्या खात्यात. दोघं रिटायर झाले, दोघांनी नाशिकरोडला एकाच कॉलनीत घरं घेतली. मध्ये फक्त दोन गल्ल्या आहेत. तरीही काका आम्हाला जेवायला बोलावतात ते पोस्टकार्ड टाकून. कार्ड येतं तेव्हा जेवण होऊन दोन दिवस उलटलेले असतात. मग आई ओशाळून फोन करते आणि काका अगदी मोठ्या मनाने म्हणतात, "असू द्या हो वहिनी. कार्डावर शिक्का कसा उठलाय तेवढं सांगा."

लोकांना वाटतं काका तिकिटं जमवतात. तसं म्हटलेलं त्यांना आवडत नाही. तिकिटं लहान मुलं जमवतात, ते टपालाचा इतिहास जमवतात. म्हणजे नक्की काय, तर जे जे काही पहिल्यांदा झालं किंवा शेवटचं झालं, त्या दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट. इंग्लंडात पहिलं तिकीट निघालं ते काळं होतं आणि त्यावर देशाचं नाव नव्हतं, कारण दुसऱ्या कुठल्या देशाचं तिकीटच नव्हतं, ही माहिती त्यांनी मला मी बालवाडीत असताना दिली. सिंध प्रांतातलं लाखेच्या वडीसारखं दिसणारं लाल तिकीट, अलाहाबादहून विमानाने यमुनेपलीकडे गेलेली जगातली पहिली हवाई डाक, स्वातंत्र्यानंतरचं झेंड्याचं तिकीट, हे सगळं त्यांच्या बोलण्यात असं येतं जसं इतरांच्या बोलण्यात मावसभावांची लग्नं येतात. आणि मावसभावांची लग्नं येतात ती अशी: "पिनकोड सुरू झाला ना, त्याच्या दुसऱ्या वर्षी." काकूंना मुलगी कधी झाली असं त्यांना विचारून बघा. स्पीड पोस्टाच्या आधी की नंतर, एवढंच ते छातीठोक सांगतील. वार आणि तारीख काकू स्वयंपाकघरातून सांगतात, तेही भांडं आपटून.

आमच्या गावात देशाची तिकिटं छापली जातात, याचा नाशिकरोडच्या इतर माणसांना विसर पडलेला आहे. काकांना पडलेला नाही. आमच्यात देवळासमोर हात जोडायची पद्धत नाही. पण छापखान्याच्या लांबलचक भिंतीशेजारून जाताना काका स्कूटरचा वेग इतका कमी करतात की मागचे रिक्षावाले त्यांच्या घरच्यांची आठवण काढतात. मी एकदा मागे बसले होते. "काका, चला ना, लोक हॉर्न देतायत," असं मी अगदी हळू म्हटलं. मी सगळंच हळू म्हणते. काका म्हणाले, "देऊ दे. यांना कुणाला माहितीये, आत काय चाललंय ते?" मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी आत सुट्टी होती.

छपाईतली चूक ही काकांच्या लेखी सर्वांत मोठी देणगी. कंपनीच्या राज्यात छापलेल्या चार आण्याच्या एका तिकिटावर राणीचं डोकं उलटं छापलं गेलं होतं आणि आज त्यासाठी लोक बंगले विकायला तयार असतात. ही हकीगत मनात ठेवून काका जगातली प्रत्येक छापील वस्तू उलटीसुलटी करून तपासतात. लग्नपत्रिका, औषधांच्या पट्ट्या, दुधाच्या पिशव्या, बसची तिकिटं. मी नववीत असताना आमच्या शाळेच्या वार्षिक अंकात निबंधस्पर्धेतल्या विजेत्यांचे फोटो आले आणि माझा एकटीचा उलटा छापला गेला. वर्गात मी दोन दिवस मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी काका शाळेत येऊन अंकाच्या सहा प्रती घेऊन गेले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "अभिनंदन. आता तुझी किंमत वाढली." त्यातली एक प्रत अजून त्यांच्या बैठकीत फ्रेममध्ये आहे. पाहुणा आला की त्याला ती दाखवतात, आणि पाहुणा मान वाकडी करून माझ्याकडे बघतो.

आता पाकिटांबद्दल. काकांच्या शास्त्रात पाकीट फाडणं हे पाप आहे. पाकीट अखंड हवं, तिकिटावर शिक्का सुबक हवा, पत्ता स्वच्छ हवा. आत काय आहे याच्याशी इतिहासाला कर्तव्य नाही. हा नियम त्यांनी स्वतःपुरता ठेवला असता तर माझी तक्रार नव्हती. पण प्रत्येक पाकीट कुणाच्या तरी पत्त्यावर पाठवावं लागतं आणि त्यांना सापडलेला सर्वांत सोयीचा पत्ता म्हणजे मी. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला मला काकांचं पाकीट येतं. ते मी फाडायचं नाही. बोटांचे डाग न पाडता दोन कडांना धरायचं आणि रविवारी काकांना नेऊन द्यायचं. आत शुभेच्छापत्र असतं म्हणतात. मी आज पंचवीस वर्षांची आहे आणि माझ्या एकाही वाढदिवसाला काकांनी मला काय शुभेच्छा दिल्या ते मला माहीत नाही. चंदनाच्या वासाचं तिकीट निघालं तेव्हा मी पहिलीत होते. काकांनी ते चिमट्यात धरून माझ्या नाकासमोर आणलं. मला सर्दी होती. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नव्हते, पण काका अजून त्या तिकिटाचा विषय निघाला की माझ्याकडे न बघता बोलतात.

तारसेवा बंद झाली तो दिवस आमच्या घरात कुणी विसरणं शक्य नाही. आमच्या नात्यात तार एकाच कारणासाठी यायची. दुपारी माणूस दारात उभा राहून "तार आहे" म्हणाला आणि आई तिथेच खाली बसली. पाठोपाठ शेजारच्या दोघी आल्या. सायखेड्याच्या आत्यापासून पेठच्या मामापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन झाली. शेवटी बाबांनी तार उघडली. आत दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा होत्या. जुलै महिना होता. तारेत पाठवायच्या ठरावीक शुभेच्छांना नंबर असायचे आणि शेवटच्या दिवशीच्या गर्दीत काकांना जो नंबर आठवला तो त्यांनी सांगितला होता. बाबा चप्पल न घालता दोन गल्ल्या ओलांडून गेले. काकांनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "उघडलीत का? अरेरे."

शिक्का सुबक उठावा यासाठी काकांनी केलेले उद्योग सांगत बसले तर रात्र होईल. पाकिटाखाली मऊ काहीतरी असलं की शिक्का चांगला बसतो, असा शोध लागल्यापासून माझे तीन माउसपॅड गेले. काका पोस्टाच्या खिडकीत आधी माउसपॅड सरकवतात, मग पाकीट, आणि मग स्वतःची अर्धी मान. खिडकीतल्या बाई आतल्या आत म्हणतात, "आले शिक्केवाले." एकदा त्यांनी बाबांना पटवलं की पावसाळ्यात पेठच्या घाटात जाऊन यावं. आम्ही डबे भरून, गाणी लावून निघालो. धबधबे लागले, गाडी थांबली नाही. घाट गेला, गाडी थांबली नाही. थांबली ती थेट पेठच्या पोस्टासमोर. तिथला शिक्का नुकताच नवा आला आहे, अशी काकांना बातमी होती. पोस्ट जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं. आम्ही बंद दारासमोरच्या पायरीवर बसून मेथीचे पराठे खाल्ले आणि काका दाराच्या फटीतून आत बघत राहिले.

इतकं सगळं मी सहन केलं असतं. पण काकांनी माझ्यावर खरा अन्याय केला तो त्यांच्या नोटिशीबाबत, आणि त्यासाठी आधी त्यांच्या भावाबद्दल सांगायला हवं.

काका मूळचे सायखेड्याचे. गोदावरीच्या काठाला थोडी जमीन, ती मोठा भाऊ कसायचा. काका त्याला दादा म्हणतात. काका लहान असताना, एका चौदा एप्रिलला, आमच्या सगळ्यांच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर ज्यांचा फोटो असतो त्यांचं पहिलं तिकीट निघालं. काकांच्या मास्तरांनी त्यांना त्याची कोरी चौकडी दिली. चौकडी म्हणजे एकमेकांना जोडलेली, न फाडलेली चार तिकिटं. शिक्का नाही, डाग नाही, मागचा गोंद जसाच्या तसा. काकांनी ती जिवापाड जपली. पुढे काका मोठे झाले, दहावी झाले आणि एकलहऱ्याला भरती निघाली. अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस होता आणि काका तापाने फणफणलेले. घरात तिकीट नाही, पैसे नाहीत. दादांनी काकांची वही उघडली, चौकडी काढली, जीभ लावून पाकिटावर चिकटवली आणि सायकल मारत जाऊन अर्ज पोस्टात टाकला. त्या अर्जावर काकांना नोकरी लागली, त्या नोकरीवर घर झालं, लग्न झालं, मुलगी इंजिनिअर झाली. आणि त्या चौकडीसाठी काकांनी दादांना आजपर्यंत माफ केलेलं नाही.

"अहो काका, त्या तिकिटांमुळेच तर तुम्हाला नोकरी लागली!" हे मी त्यांना कितीतरी वेळा सांगितलं.

"नोकरी दुसरीही लागली असती," काका म्हणतात. "ती चौकडी होती. कोरी होती. त्याने जीभ लावली."

नोकरी लागल्यापासून काका दरवर्षी जयंतीची सुट्टी संपली की दुसऱ्या दिवशी दादांना रजिस्टर एडीने नोटीस पाठवत आले. माझी चार तिकिटे परत करावीत अथवा तशीच चार कोरी आणून द्यावीत. रजिस्टर एडी म्हणजे पाकिटाबरोबर एक पोचपावतीचं कार्ड जातं, घेणाऱ्याने त्यावर सही करायची आणि ते कार्ड परत पाठवणाऱ्याकडे येतं. दादांनी नोटिशीला एकदाही उत्तर दिलं नाही. पण प्रत्येक वर्षी सही केलेलं कार्ड मात्र परत आलं. लग्नाकार्यात दोघं समोरासमोर आले तरी काका फक्त मान हलवायचे. दादा काय म्हणायचे, तर "बरं हाय ना?" आणि काका बाबांच्या कानात, "बघ, नोटिशीचं नावही काढत नाही. किती निगरगट्ट माणूस आहे."

मी आठवीत गेले तेव्हा काकांच्या मनात आलं की मराठी नोटिशीला कुणी भीत नाही. "तू इंग्लिश मीडियमची ना? मग लिही." तेव्हापासून दर एप्रिलला परीक्षा संपून मी जरा मोकळा श्वास घेतला की काका वकिली भाषेतली जुनी कागदपत्रं घेऊन हजर. इंग्लिश मीडियममध्ये गेलेली मुलगी ही जन्मतः अर्धी वकील असते, अशी त्यांची समजूत आहे. मी कविता शिकले होते, प्रकाशसंश्लेषण शिकले होते. चार तिकिटं चाटल्याबद्दल मोठ्या भावावर कारवाई कशी करावी हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तरी मी लिहिलं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि लिहायला नाही.

गेल्या पावसाळ्यात बातमी आली की रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा आता बंद होणार, ती स्पीड पोस्टात मिसळणार. काका दोन दिवस आमच्याकडे आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नोटिशीचा मसुदा घेऊनच. "यंदा एप्रिलमध्ये गेली होती ना?" मी म्हटलं. "शेवटच्या दिवशीची पण गेली पाहिजे," काका म्हणाले. शेवटच्या दिवशी आम्ही पोस्टात गेलो. नाशिकमधले काकांसारखे जेवढे म्हणून होते तेवढे सगळे तिथे होते, आणि प्रत्येकाच्या काखेत काहीतरी मऊ होतं. शिक्का अप्रतिम उठला. काका इतके खुश झाले की त्यांनी मला रसवंतीवर नेलं आणि दादांबद्दल एकही वाईट शब्द बोलले नाहीत.

आठवड्याने पोचपावती आली. काका ती हातात घेऊन आमच्या दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा बघून मी आधी खुर्ची पुढे केली.

"ही त्याची सही नाही."

कार्डावर स्वच्छ अक्षरात 'सुनीता' लिहिलं होतं. "सून असेल त्यांची," आई म्हणाली. "घरात जो असेल तो सही करतो."

"सून आहेच. पण सही तो करतो. कांद्याच्या शेतात असला तरी पोस्टमन थांबतो. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाची सही आलेली नाही." काका कार्ड उलटं करून बघत होते, जणू मागे खरी सही असेल. "यंदाच्या एप्रिलची पण जरा वाकडीच होती. मी म्हटलं पेन खराब असेल."

"फोन करा ना मग," मी म्हटलं.

"फोन करून काय विचारू? इतकी वर्षं बोललो नाही आणि आता विचारू की जिवंत आहेस का?"

"हो! तेच विचारा!" हे मी मोठ्याने म्हटलं. घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काकांनी फोन केला नाही. ते पोस्टात गेले आणि अर्थातच मला घेऊन गेले. खिडकीत पाकीट सरकवून म्हणाले, "रजिस्टर एडी, सायखेडा. सही घेणाऱ्याचीच हवी."

"काका, रजिस्टर बंद झालं ना आता," बाई म्हणाल्या. "तुम्हीच तर होतात शेवटच्या दिवशी. स्पीड पोस्ट करा, उद्या जाईल."

"उद्या..." काका म्हणाले. त्यांनी पाकीट परत घेतलं. मागे रांग होती. एक माणूस म्हणाला, "ओ बाबा, सरका की." काका सरकले आणि माउसपॅड खिडकीतच विसरले. हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर येऊन मी स्कूटी काढली आणि म्हटलं, "बसा." त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही.

सायखेड्याला दादांचं घर गावाच्या कडेला आहे, पुढे पत्र्याची पडवी. दादा पडवीत खाटेवर बसले होते. जिवंत होते, चांगले ताठ बसले होते. पण आम्ही अगदी समोर जाऊन उभे राहिलो तरी ते आमच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"कोन हाय?"

काकांनी मला पुढे केलं. शेवटी मीच म्हटलं, "एकलहऱ्याचे काका आलेत. तुमचे भाऊ."

"आरं!" दादांनी दोन्ही हात हवेत पुढे केले. "ये, ये. सुनीता, च्या टाक. लय मोठा मानूस आलाय." हाताला काकांचा खांदा लागला तसा तो त्यांनी घट्ट धरला. "डोळ्यानं दिसत नाय रं आता. धूर धूर दिसतं समदं. डॉक्टर म्हनला, उशीर केला. एप्रिलात कशीतरी सही केली. परवाच्याला पोस्टमन म्हनला, आजोबा, सही रेघेच्या भायेर चाललीय, सूनबाईला करू द्या. तुला राग तर नाय ना आला?"

"नाही," काका म्हणाले.

"तुझं पाकीट जयंतीला न चुकता येतं. गावात सांगतो मी, माझा भाऊ नोकरीवाला हाय, बोलत नाय जास्ती, पन जयंतीचं पाकीट कधी चुकवलं नाय त्यानं. यंदा तर दोनदा आलं."

मी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात दादांनी सुनेला हाक मारून पेटी आणायला सांगितली. एक जुनी पत्र्याची पेटी आली, आत प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर पिशवी, आणि त्यात काकांनी पाठवलेली सगळी पाकिटं. सगळी. एकही फाडलेलं नव्हतं. कोपरा दुमडलेला नव्हता. जुनी जाड तिकिटं, मग नवीन दरांची तिकिटं, मग हातशिक्क्यांच्या जागी यंत्राचे शिक्के, मग बारकोड, अगदी शेवटच्या दिवशीचं वरती. काकांनी आयुष्यभर जो इतिहास जमवला त्यापेक्षा चांगला इतिहास त्या पेटीत होता, आणि तो त्यांनी स्वतःच पोस्टाने इकडे पाठवला होता.

"तू... उघडली नाहीस?" काकांचा आवाज वेगळाच आला. "एकही?"

"उघडतो व्हय! तुझी ती चार तिकिटं मी एकदा वापरली, ध्यानात हाय का? ताप उतरला तरी तू दोन दिस जेवला नाय. आयनं मला लय शिव्या दिल्या. तवाच ठरवलं, याच्या कागदाला पुन्यांदा हात लावायचा नाय. तूच म्हनायचा ना, पाकीट फाडायचं नाय, फाडलं की वाया गेलं. मंग जपून ठेवली. पूर आला तवा आधी ही पेटी माळ्यावर टाकली, मंग धान्याचं पोतं. तुला लागतील कधीतरी, म्हनलं."

म्हणजे ज्या माणसाला माझ्या इंग्रजीतून कायदेशीर परिणामांची धमकी दिली जात होती, तो इतकी वर्षं नदीच्या पुरातून त्या धमक्या वाचवत होता. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मोठ्याने हसली असती. मी चहाच्या कपात बघत राहिले.

"आता एक काम कर," दादा म्हणाले. "बघून बघून माझं झालं. आता दिसतच नाय. पन आत काय लिवलंस ते ऐकू दे एकदा. ही पोर शिकलेली दिसती, हिला वाचू दे."

काकांनी पटकन एक पाकीट उचललं, माझ्या हातात जाऊ नये म्हणून. "मी वाचतो," ते म्हणाले. मग सुनेकडे कात्री मागितली, नेहमीच्या सवयीने पाकीट उजेडात धरलं, कुठून कापलं तर शिक्का वाचेल ते बघू लागले. कडेवर बोट फिरवलं. पुन्हा उलटं केलं. माझा संयम संपत आला होता.

"फाड की रं," दादा म्हणाले.

आणि काकांनी फाडलं. हाताने, वाकडंतिकडं, तिकिटाच्या मधून. आतून माझी इंग्रजी नोटीस निघाली, चार कलमांची. काकांनी ती नाकाजवळ धरली आणि वाचायला सुरुवात केली.

"प्रिय दादास, सप्रेम जय भीम. इकडे सर्व ठीक आहे." थांबले. खोटं बोलायची त्यांना बिलकुल सवय नाही. "पाऊस बरा आहे."

"एप्रिलमधी?"

"अवकाळी."

"हां, एका साली पडला व्हता खरा. कांदा भिजला व्हता आमचा. पुढं?"

"कांदा भिजला असेल, काळजी घ्या," काकांनी वाचलं.

तेव्हापासून दर रविवारी, टपालाला सुट्टी असते त्या दिवशी, काका सायखेड्याला जातात. स्कूटी माझी, पेट्रोल माझं, रविवार माझा. मी कितीदा म्हटलं, बस जाते. पण अलीकडची इंग्रजी पाकिटं निघाली तर कागद सुलटा धरलाय की उलटा हे सांगायला मी लागते म्हणे. एका वेळी एकच पाकीट फाडायचं, असं दोघांचं ठरलेलं आहे. कोणतं ते दादा पेटीत हात घालून ठरवतात. तिकिटांच्या बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाने काकांना सांगितलं की एकाच पत्त्यावरची इतक्या वर्षांची अखंड पाकिटं प्रदर्शनात ठेवली तर लोक वेडे होतील. काका म्हणाले, "होऊ देत," आणि पुढच्या रविवारी आणखी एक फाडलं. पत्रं मात्र सुधारत चालली आहेत. पाऊस आता क्वचितच येतो. मुलीची पहिली फी भरली त्याचं एक पत्र निघालं, काकूंचं ऑपरेशन झालं त्याचं एक, बॉयलरचा आवाज कानात बसून झोप लागायची नाही त्याचं एक. मी पण ऐकते. यातलं बरंचसं बाबांनाही माहीत नव्हतं.

गेल्या रविवारी दादांच्या हाताला अगदी तळाचं पाकीट लागलं. पातळ, पिवळं पडलेलं, मी जन्मायच्या कितीतरी आधीचं. त्यातला कागद मराठीत होता, काकांच्या तरुणपणीच्या अक्षरात, निब रुतेल इतक्या जोराने लिहिलेला. मी बाजूलाच बसले होते, मला दिसत होता. चारच ओळी होत्या आणि भावाने भावाला लिहू नयेत अशा होत्या. काकांनी तो एकदा दुमडला आणि परत उघडला.

"वाच की," दादा म्हणाले.

"प्रिय दादास," काकांनी सुरुवात केली. "सप्रेम जय भीम. आज कामावर रुजू झालो. साहेबांनी अर्ज काढून दाखवला. पाकिटावर चारही तिकिटं नीट होती. तू ती लावलीस म्हणून अर्ज वेळेत पोचला. तू लावली नसतीस तर मी अजून तापातच पडलो असतो."

दादांनी मान कागदाच्या दिशेला वळवली. मग म्हणाले, "हे असं लिवलं व्हतं? मंग तवाच कळवायचं नाय का?"

"कळवलं होतं की," काका म्हणाले. "रजिस्टर एडीने. तूच उघडलं नाहीस."

दादा इतके हसले की सून बाहेर येऊन बघून गेली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. काकांनी कागद दिला नाही, पाकीट दिलं. कागदाची घडी करून तो त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवला. परतताना अंधारून आलं होतं. काका मागे खिशावर हात धरून बसले होते, छापखान्याची भिंत आली तरी त्यांनी तिकडे बघितलं नाही. तिथे मीच गाडी हळू केली.